अर्ध्या तासावरचा कॅनडा

अप्पारावांच्या बैठकीत भिंतीवर दोन घड्याळं होती, आणि ती दोन आहेत हे पाहुण्याच्या ध्यानात येईपर्यंत अप्पाराव चहा सांगत नसत. एका घड्याळाखाली सोनेरी अक्षरांत 'भारत' लिहिलेलं, दुसऱ्याखाली 'कॅनडा'. दोन्हींच्या मधे विमानाचं चित्र. विमानाचं तोंड मात्र देवघराकडं होतं, त्यामुळं ते कॅनडाला निघालंय की नैवेद्याला, हे कळायला मार्ग नव्हता.

तीर्थपुरीहून अंबडला आलेले काकासाहेब गादीवर बसल्या बसल्या त्या घड्याळांकडं बघत होते. भारतात सव्वासहा झाले होते. कॅनडात पावणेसात.

"अर्धाच तास?" त्यांनी न राहवून विचारलं. "म्या म्हणलं, लई लांब असंल."

अप्पाराव याच प्रश्नाची वाट बघत होते. ते आधी हसले, मग शेजारी बसलेल्या, ही सोयरीक जमवणाऱ्या भागवतमामांच्या मांडीवर थाप मारून पुन्हा हसले. "पाव्हणे, आपली ही संध्याकाळ हाय. तिकडं आत्ता सकाळ हाय, सकाळ! काटा तेवढा जवळ दिसतो. साडेअकरा तासाचा फरक हाय बराबर. आमच्या मिथुनरावांनी सोता सांगून लावून घेतलंय."

"आसं आसं," काकासाहेब म्हणाले, आणि आपलं अज्ञान धोतराच्या सोग्याखाली झाकावं तसे सावरून बसले.

जिन्याच्या पायथ्याशी, बायकांसाठी टाकलेल्या सतरंजीवर काकासाहेबांची थोरली लेक राजनंदिनी बसली होती. मांडीवर सहा महिन्यांची लेक. आपल्या बापाला कुणी असं हसलेलं तिला आवडलं नाही. ज्यानं स्वतः कधी विमानाची पायरी पाहिली नाही, त्यानं पोराच्या प्रवासावर एवढं फुगावं याचं तिला हसूही आलं. पोरगं कॅलगरीत, आणि अंबडमध्ये बापाच्या छातीला हवा.

आज घर बघायचा कार्यक्रम होता. मुलगी आधीच पसंत पडली होती, तीही फोनवर. मागच्या रविवारी मिथुनरावांनी कॅनडातून तिच्या धाकट्या बहिणीला, अक्षताला बघितलं, उभं राहायला सांगितलं, चालायला सांगितलं, आणि "ओके" म्हणाले. एवढ्या एका शब्दावर भागवतमामांनी दोन्हीकडं फोन फिरवले. आता मुलीकडच्यांनी घर बघायचं, आणि सात वाजून एकवीस मिनिटांनी सुपारी फोडायची. दोन्हीकडची एकेक सुपारी एका ताटात ठेवायची आणि एकदमच फोडायची. सुपारी फुटली की शब्द गेला. त्यानंतर मागं फिरणं म्हणजे दहा गावांत तोंड दाखवायची सोय उरत नाही.

आणि अक्षताचं परभणीचं शिक्षणही त्या सुपारीबरोबरच फुटणार होतं. कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होती पोरगी, एक वर्ष झालं होतं, एक उरलं होतं. अप्पारावांकडून निरोप होता, लग्न डिसेंबरात, आणि व्हिसा येईस्तोवर सून अंबडला राहील, सासूच्या हाताखाली. शिकून काय करायचं, तिकडं किडेच नसतात म्हणे. बर्फ असतो.

हा निरोप ऐकला तेव्हा अक्षता ओट्यावर बसून आपल्या लाकडी पेटीतले किडे बघत होती. कॉलेजसाठी गोळा केलेले, टाचणीला टोचलेले, प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी. दिवाळीच्या सुट्टीत पोरी फराळ घेऊन येतात, ही किडे घेऊन आली होती.

"ताई, नाचरी माशी म्हणून एक जात असती," ती खाली मान घालूनच म्हणाली होती. "नराला मादीकडं जायचं असलं की तो आधी शिकार करतो, ती रेशमात गुंडाळतो आणि भेट म्हणून नेतो. मादी ती उकलून खाऊस्तोवर याचं काम उरकतं."

"लग्नाच्या घरात काय बोलून राह्यली ही!" आतून पुष्पाबाई, त्यांची आई, ओरडल्या.

"पुढं तर ऐक. काही जातीतले नर त्याच्याहून हुशार. ते शिकार करीतच न्हाईत. नुसता रेशमाचा गोळा करतात, फुगा. आत काहीच न्हाई. तोच फुगा घेऊन नाचतात."

"आणि मादी?"

"घेती की. ती फसती, का तिला रिकामं चालतं, ते काही ठरलं न्हाई अजून." अक्षतानं पेटीचं झाकण लावलं. मग पहिल्यांदा वर बघितलं. डोळे कोरडे होते, पण हनुवटी लहानपणी पडल्यावर व्हायची तशी झाली होती. "मला काही येऊ देणार न्हाईत तिथं. तू जा. फुग्यात काय हाय तेवढं बघून ये."

म्हणून राजनंदिनी आली होती. काकासाहेबांनी आढेवेढे घेतले, तान्ह्या लेकराला घेऊन कुठं म्हणून. पण पुण्यात राहिलेली पोरगी, जावई अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलायच्या नोकरीत. चार इंग्रजी शब्द आले तर असावी सोबत, असं भागवतमामांनीच सुचवलं. नंतर त्या सूचनेचा मामांना जन्मभर पश्चात्ताप झाला.

मालनबाईंनी, अप्पारावांच्या मंडळींनी, घर दाखवलं. म्हणजे फ्रिज दाखवला, फ्रिजच्या आतला फ्रीजर दाखवला, वॉशिंग मशीन दाखवलं, आणि कॅनडाहून आलेलं म्हणून एक चॉकलेटचं रिकामं खोकं दाखवलं, ज्यात आता टिकल्या होत्या.

"वर काय हाय?" राजनंदिनीनं जिन्याकडं बघत विचारलं.

"वर काही न्हाई," मालनबाई जरा जास्तच घाईनं म्हणाल्या. "वर आडगळ हाय. गाद्या, धान्य. उंदरं झालेत. लेकराला नका नेऊ."

उंदीर झालेल्या खोलीसाठी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं जेवणाचं ताट कशाला, हे राजनंदिनीच्या मनात आलं. पण तेवढ्यात लेक चुळबुळली आणि तिचा फोन वाजला.

साडेसहा. सोमेश्वर. पोरीचा बाप रोज कामावर निघण्याआधी व्हिडिओवर पोरीला बघायचा. राजनंदिनी माहेरी आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. आधी हा फोन साडेपाचला यायचा आणि लेकीला त्याची इतकी सवय लागली होती की पाच-पंचविसालाच ती फोनच्या दिशेनं माना वेळावायची. नोव्हेंबर लागला आणि फोन साडेसहाला यायला लागला. तिकडच्या लोकांनी घड्याळं एक तास मागं घेतली, म्हणून याची ड्यूटी एक तास पुढं गेली. पोरीला हे कोण समजावणार? पहिले चार दिवस ती साडेपाचला मान वर करायची, काहीच वाजायचं नाही, मग खालचा ओठ बाहेर यायचा. अमेरिकेतल्या लोकांना उन्हात उशिरा उठायची हौस, आणि रडायचं तीर्थपुरीतल्या लेकरानं.

"पाव्हण्यांकडं हाय, नंतर बोलते," ती कुजबुजली. सोमेश्वरनं पडद्यावरच लेकीचा पापा घेतला आणि फोन ठेवला.

आणि मग तिची नजर भिंतीवरच्या त्या दोन घड्याळांवर गेली.

भारत, सहा एकतीस. कॅनडा, सात एक.

तिनं मनातल्या मनात मोजलं. मग लेकीच्या बोटांवर मोजलं, एकेक इवलंसं बोट धरून. तिकडची घड्याळं मागं गेली असतील, तर फरक साडेअकराचा साडेबारा व्हायला पाहिजे. म्हणजे काटा अर्धा तास पुढं नाही, अर्धा तास मागं पाहिजे. कॅनडात आत्ता सहा वाजून एक मिनिट व्हायला पाहिजे.

तिनं सोमेश्वरला लिहिलं, 'कॅनडात पण घड्याळ मागं घेतात का? कॅलगरीत?'

उत्तर लगेच आलं. 'हो. आमचे तिथलेपण कस्टमर आहेत. दोन तारखेपासून साडेबारा तास. का गं?'

तिनं फोन पालथा ठेवला. भिंतीवरचं घड्याळ चुकणं हा काही गुन्हा नव्हता. अप्पारावांना घड्याळ दाखवण्याशी मतलब, बघण्याशी थोडाच.

पावणेसातला टीव्ही लागला. अप्पारावांनी आपला फोन टीव्हीला जोडला आणि छपन्न इंची पडद्यावर मिथुनराव अवतरले. काळा कोट, लाल टाय, कानात पांढरी बोंडं. मागं जाड पडदा ओढलेला, त्याच्यावर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. चेहरा मात्र चांगला होता, थोडा थकलेला, आणि थोडा घाबरलेला. तेच राजनंदिनीला आधी दिसलं.

"नमस्कार," मिथुनराव म्हणाले. "गुड मॉर्निंग."

"बघा!" अप्पारावांनी सगळ्या बैठकीकडं बघितलं. "गुड मॉर्निंग!"

अंबडमध्ये दिवेलागण झाली होती, आणि त्या बैठकीतल्या पाच-सात शहाण्यासुरत्या माणसांनी टीव्हीसमोर हात जोडून "गुड मॉर्निंग" म्हटलं. काकासाहेबांनीसुद्धा. राजनंदिनीनं लेकीच्या झबल्याची नाडी पुन्हा एकदा बांधली, कारण कुठंतरी बघणं भाग होतं.

"थंडी किती हाय तिकडं?" भागवतमामांनी विचारलं. हा प्रश्न ठरलेला असावा.

"मायनस बारा. पण घरात हीटर असतो."

"मायनस!" मामांनी तो शब्द काकासाहेबांकडं सरकवला, जणू पानाचा डबा.

मग पगार, गाडी, घर यांची उजळणी झाली. अप्पाराव विचारायचे, मिथुनराव सांगायचे, आणि ते सांगून व्हायच्या आत अप्पाराव तेच पुन्हा मोठ्यानं सांगायचे. राजनंदिनीला अक्षतानं सांगितलेला झाडावरचा रातकिडा आठवला. तो पानाला भोक पाडतो, त्या भोकात बसतो आणि मग पंख घासतो, म्हणजे आवाज दुपटीनं मोठा होतो. मादीला वाटतं, केवढा दांडगा नर! प्रत्यक्षात दांडगं असतं ते पान. इथं पान छपन्न इंची होतं.

आणि तेवढ्यात तिला खरंच रातकिडा ऐकू आला. किर्र. टीव्हीतून. मिथुनरावांच्या मागून कुठूनतरी. किर्र, थोडं थांबून, किर्र.

ती ताठ बसली. अक्षतानं हेही सांगितलं होतं, काल, पेटीतला रातकिडा दाखवत. फक्त नरच ओरडतो, पंखाला पंख घासून. उकाडा असला की भरभर, गारवा आला की सावकाश, आणि फारच गार पडलं की गप. "तोंडानं बोलत न्हाई, म्हणून खोटं बोलता येत न्हाई त्याला," अक्षता म्हणाली होती. "जन्मभर एकच सांगतो, मी इथं हाय, मी इथं हाय."

मायनस बारामध्ये? पण हीटर होता. हीटरच्या उबेला एखादा किडा जगलाही असेल. राजनंदिनी अन्याय करायच्या बेतात नव्हती. तिनं सरळ विचारलं.

"दाजी, एक विचारू का?"

बैठक थबकली. बायकांच्या बाजूनं आवाज येईल अशी सोय त्या कार्यक्रमात नव्हती.

"हां, ताई, विचारा ना," मिथुनराव म्हणाले.

"तुमच्याकडं आत्ता किती वाजले?"

मिथुनरावांनी खाली बघितलं. मनगटावर घड्याळ नव्हतंच. त्यांनी फोनकडं बघितलं, ओठ हलले, जरा वेळ गेला. "सात... सात वीस."

बैठकीतल्या 'कॅनडा' घड्याळातही सात वीस झाले होते. अप्पारावांनी टीव्हीकडं आणि घड्याळाकडं हात केला. "बराबर! मिनिटाचा फरक न्हाई!"

"पण मागच्या पंधरवड्यात तिकडं घड्याळं एक तास मागं घेतली ना?" राजनंदिनी म्हणाली. "मंग सहा वीस पाहिजेत. तुमच्या फोनमधे तर आपोआप होत असंल."

टीव्हीवरचं तोंड तसंच राहिलं. क्षणभर सगळ्यांना वाटलं रेंज गेली. पण पापण्या हलत होत्या.

"घड्याळ मागं घेतात?" अप्पाराव म्हणाले. "कोण घेतं?"

"सरकार."

मग मात्र बैठकीत हसण्याचा असा स्फोट झाला की लेक दचकून आईला बिलगली. "सरकार घड्याळ मागं घेतं!" भागवतमामा डोळे पुसत होते. "अगं, सरकारनं दिलेलं काही मागं घेतलं तर कळतं, पण वेळ?" "आज सात, उद्या सहा! म्हंजी पगार पण एक तास कमी का?" "ताई, पुण्याला राहून राहून तुमच्या डोक्यात पुणं शिरलं." मालनबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "बाळंतिणीला झोप न्हाई मिळत. होतं आसं."

राजनंदिनीच्या कानशिलापर्यंत गरम झालं. आणि सगळ्यांत जास्त लागलं ते काकासाहेबांचं बोलणं. ते हसले नव्हते. ते हळू, खालच्या आवाजात म्हणाले, "नंदे, गप बस. बहिणीचं चांगलं होतंय, ते होऊ दे."

पडद्यावर मिथुनराव म्हणत होते, "ते... हां, काही शहरांत घेतात. आमच्या भागात नाही." असं म्हणताना त्यांनी टाय सारखी केली. पण कुणाला उत्तर नकोच होतं.

'भारत' घड्याळात सात एकोणीस झाले. ताट आलं. हळदकुंकू, तांदूळ, दोन सुपाऱ्या, आणि एक लोखंडी बत्ता. काकासाहेबांनी आपल्या कोपरीच्या खिशातून आणलेली सुपारी कपाळाला लावून ताटात ठेवली. अप्पारावांनी आपली ठेवली. टीव्हीतल्या मिथुनरावांनी हात जोडले.

राजनंदिनी जिन्याच्या पायरीला टेकली. तिनं अक्षताचं तोंड आठवू नये म्हणून लेकीकडं बघितलं. आणि तिला दिसलं की लेक मान वळवतेय.

किर्र. लेकीनं मान वर, जिन्याकडं वळवली. लगेच पुन्हा किर्र, टीव्हीतून, आणि मान टीव्हीकडं. थोडं थांबून पुन्हा. आधी जिन्याकडं, मग टीव्हीकडं. सहा महिन्यांचं लेकरू, भुवया उंचावून, मोठ्या कामात असल्यासारखं एकदा वर बघत होतं, एकदा समोर. एक किडा दोनदा ओरडत होता. आधी वरच्या खोलीत ओरडायचा, आणि मग एखादा श्वास घेण्याइतका वेळ काढून, कॅनडाला जाऊन आल्यासारखा, टीव्हीत ओरडायचा.

बोलून काय होतं ते राजनंदिनीनं आत्ताच बघितलं होतं. ती उठली, बायकांची सतरंजी ओलांडून पुरुषांच्या गादीपर्यंत गेली, आणि लेकीला काकासाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"आगं, आत्ता कशाला?" अप्पाराव खेकसले. "टाइम होऊन राह्यला!"

"दादा," ती म्हणाली, "हिच्याकडं बघा फक्त. ऐका, आणि हिच्याकडं बघा."

काकासाहेबांनी नातीकडं बघितलं. आयुष्यभर रानात राहिलेला माणूस. पिकात कुठं डुक्कर घुसलंय, कुठल्या बांधावर साप सळसळला, हे काळोखात नुसत्या कानानं सांगायचा. घड्याळाच्या काट्यांनी आणि इंग्रजी शब्दांनी त्याला आज बावळट करून ठेवलं होतं, पण आवाज कुठून येतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

किर्र. नात जिन्याकडं. किर्र. नात टीव्हीकडं.

काकासाहेबांची मान जिन्याकडं वळली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा भागवतमामांनीही मान वर केली. चौथ्यांदा अप्पाराव घाईघाईनं रिमोट शोधू लागले.

काकासाहेबांनी नातीला खांद्याला लावलं. शांतपणे ताटातली आपली सुपारी उचलली, तांदळाचे दोन दाणे चिकटले होते ते झटकले, आणि ती कोपरीच्या खिशात परत टाकली. मग जिन्याकडं तोंड करून, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसा आवाज दिला.

"मिथुनराव! खाली या. चहा निवून चाललाय."

ती हाक आधी घरात घुमली, आणि एका श्वासानंतर टीव्हीतून तीच हाक परत आली. 'मिथुनराव, खाली या.' पडद्यावरच्या मिथुनरावांनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं वरची कडी वाजली. कॅनडा एकेक पायरी उतरत खाली आला. वरती काळा कोट, लाल टाय. खाली गुडघ्यापर्यंतची चट्ट्यापट्ट्याची चड्डी, आणि अनवाणी पाय. झाकलेलं ताट त्यांच्या हातात होतं. ते कुठं ठेवावं हे न कळून ते तसंच धरून उभे राहिले.

टीव्हीवर आता रिकामी खुर्ची होती, आणि बर्फाचा डोंगर. किर्र, त्या डोंगरातून आवाज आला.

"कधी आलास?" काकासाहेबांनी विचारलं.

"ऑगस्टात." आवाज टीव्हीतल्यापेक्षा लहान होता. "परमिट संपलं. परत मिळंना."

"तीन महिने वरच?"

त्यानं बापाकडं बघितलं. अप्पाराव एव्हाना उभे राहिले होते, आणि ज्याच्याजवळ काही उरलं नाही तो माणूस जितक्या मोठ्यानं बोलतो तितक्या मोठ्यानं बोलत होते. "जाणारच हाय तो परत! लग्न झालं की जाणार हाय! मंग खोटं काय झालं? पोरगी काय उपाशी राहणार होती का? दोन टाइम खाऊन-पिऊन राहिली असती इथं!"

"इथं," राजनंदिनी म्हणाली. "तेच म्हणते मी. तुमच्या भाकरी थापायला माणूस पाहिजे होतं, तर सरळ भाकरीला बाई पाहिजे म्हणायचं होतं. एवढ्यासाठी कॅनडा कशाला मधे आणला? लांब पडतो."

मालनबाईंनी पदर पुन्हा तोंडाला लावला. या वेळी हसायला नाही.

राजनंदिनीला वाटलं होतं मिथुनचा राग येईल. तिरस्कार आला होता, तो त्या कोटाचा आणि टायचा. पण चड्डीत उभ्या असलेल्या त्या माणसाला बघून तिला रेशमाच्या किड्याचा नर पतंग आठवला. पंख असून उडता येत नाही त्याला, तोंड असून खाता येत नाही. मादीचा वास आला की नुसता जागच्या जागी थरथरत नाचतो. त्यालाही कुणीतरी कोषातून काढून ताटात ठेवलेला असतो. म्हणून ती त्याला माफ करणार नव्हती. पाय तर होते ना त्याला, जिना उतरायला.

ती चपला घालत होती तेव्हा तो दारापर्यंत आला. "ताई," खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या वर्षी मीच मागं घेतलं होतं. तिथं खोलीवर ओव्हन होता, त्याचं घड्याळ आपोआप होत नाही, हातानं करावं लागतं. मीच केलं होतं." त्यानं टायची गाठ सैल केली. "या वर्षी ध्यानातच नाही राहिलं."

"इथं राहून कसं राहील," ती म्हणाली. आणि मग, लेक त्याच्याकडं बघून हसत होती म्हणून असेल, तिनं एवढंच जोडलं, "त्या रातकिड्याला मारू नका. त्याचा काही दोष न्हाई."

जीप अंबडच्या बाहेर पडली. भागवतमामा मागच्या सीटवर इतके बारीक होऊन बसले होते की एक माणूस अजून बसला असता. त्यांनी दोनदा घसा साफ केला. दोन्ही वेळा काकासाहेबांनी खिडकीची काच खाली केली, म्हणून त्यांना काही बोलता आलं नाही. बाहेर दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा आणि त्यांच्यातून येणारी किर्र किर्र, हजारो नरांची, प्रत्येकाचं म्हणणं एकच.

नात आजोबाच्या छातीवर झोपली होती. तिच्या पाठीवर थोपटत त्यांनी विचारलं, "नंदे, सरकार खरंच घेतं का गं घड्याळ मागं?"

"घेतं, दादा. उन्हाळ्यात एक तास पुढं करतात, हिवाळा आला की मागं. उजेड वाया जाऊ नये म्हणून."

"उजेड घड्याळानं वाचतो?"

"त्यांना वाटतं."

"बिलकुल येडे हायत." त्यांनी मान हलवली. आपल्याला इतका वेळ ज्यांनी हसून घेतलं, त्यांच्याहून मोठे येडे जगात आहेत, या गोष्टीनं त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. नंदेला गप बस म्हणालो, ते चुकलं, असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त एवढं केलं, की जीप खड्ड्यातून गेली तेव्हा एक हात नातीच्या डोक्याखाली ठेवला आणि दुसरा, अंधारात, शेजारी बसलेल्या लेकीच्या डोक्यावर.

दारात पुष्पाबाई उभ्या होत्या, हातात ओवाळायचं ताट. सुपारी फोडून आलेल्या नवऱ्याला ओवाळायचं म्हणून निरांजन लावलेलं. त्यांच्या मागं अक्षता. तिची पेटी भिंतीला टेकवलेली होती, दोरीनं बांधून. परभणीला न्यायला की माळ्यावर टाकायला, ते त्या दोरीवरून कळत नव्हतं.

काकासाहेबांनी नातीला पुष्पाबाईंच्या हातात दिलं. खिशातून सुपारी काढली, अख्खी. तिच्याकडं एकदा बघितलं, आणि ती निरांजनाच्या ताटात ठेवून दिली.

"अक्षे," ते म्हणाले, "सोमवारची परभणीची गाडी कितीला हाय?"

अक्षतानं ताईकडं बघितलं, ताटातल्या सुपारीकडं बघितलं, मग बापाकडं. हनुवटी पुन्हा तशीच झाली.

"सव्वासातला, दादा."

"सकाळच्या?"

"सकाळच्या."

"मंग साडेसहालाच निघू," काकासाहेब म्हणाले. "पेटी मी घेतो. त्या दोरीनं हाताला काचतं."